वळणाचा पट्टा

पेरीनबाईंनी टेबलावर तीन बोटं रुंदीचा एक लोकरी तुकडा ठेवला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"चौकडा," म्हेत्रे सेक्रेटरी म्हणाले.

"नाय."

"मग चेक्स."

"तेच झालं ना सेक्रेटरी, फक्त टाय घालून."

"लुंगी!" ईश्वरा सातपुते आपल्या मागावरून ओरडला आणि अख्खी शेड हसली. पेरीनबाईही हसल्या. मुंबईहून ऑर्डर घेऊन रात्रभर प्रवास करून आलेली बाई हसते म्हटल्यावर मला ती लगेच आवडली.

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. इचलकरंजीच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावात बारा हातमागांची विणकर सोसायटी. इचलकरंजीत यंत्रमागांचा खडखडाट कधीच सुरू झाला होता. आमच्याकडे लुगडी, टॉवेल आणि जुन्या गोष्टी उगाळणं चालायचं. मी बावीस वर्षांची, दहावी पास, तीही दुसऱ्या फटक्यात. कांड्यांवर सूत भरता भरता वाचनालयातलं विणकामाचं एक फाटकं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं होतं. तेवढ्यावर सेक्रेटरींनी मला नक्षीचे कागद लिहायला बसवलं. खुर्ची दिली. त्या शेडमध्ये खुर्च्या दोनच होत्या, एक सेक्रेटरींची आणि एक माझी.

"हे टार्टन," पेरीनबाई म्हणाल्या. "स्कॉटलंडची लोकं घालतात. आता बघ, नुसता चौकडा आणि टार्टन यात फरक काय? ताण्यात रंग ज्या क्रमानं, जितके धागे, त्याच क्रमानं तितकेच धागे बाण्यात. उभं तसंच आडवं. म्हणून लाल लालला मिळतो तिथे पक्का लाल, आणि लाल हिरव्याला मिळतो तिथे तिसराच रंग. रंग पाच, पण कापडात दिसतात पंधरा."

"आणि वीण तिरपी," मी म्हणाले. पुस्तकात होतं. "दोन वर, दोन खाली, दर वेळी एक धागा पुढे."

"शाबास! ही पोरगी कोण?"

"विजयमाला," सेक्रेटरी म्हणाले. "माला. आमची डिझायनर." हा शब्द माझ्याबद्दल पहिल्यांदाच वापरला गेला होता. मी मान खाली घातली, पण इतकीही नाही की कुणाला चेहरा दिसू नये.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट," पेरीनबाई म्हणाल्या, "हे कापड एका कुटुंबाचं आहे. धाग्यांची गिनती त्यांच्याकडे लिहून ठेवलेली आहे. ते सगळे एकत्र जमणार आहेत, साठ शाली पाहिजेत. यातला एक पट्टा जाड झाला, तर शाल चांगली होईल, ऊब देईल, पण त्यांची नाही होणार. दुसऱ्या कुणाची होईल, नायतर कुणाचीच नाय."

जाताना त्यांनी एक टाइप केलेला कागद दिला. लाल आठ, हिरवा बत्तीस, काळा चार, निळा चोवीस, पांढरा चार. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यामागे एकेक तिरकी रेघ होती. "इथून इथपर्यंत जायचं, मग परत फिरायचं. समजलं?"

"हो," मी म्हणाले. इंग्रजी कागदापुढे मी नेहमी हो म्हणत असे.

त्या गेल्यावर सेक्रेटरींनी सोनाक्काला बोलावलं.

सोनाक्का होगाडे आमच्याकडे ताणा घालायची. माणसाच्या उंचीचा लाकडी ड्रम, पिंजऱ्यासारखा. तो हाताने फिरवत ती त्याच्यावर हजारो धागे ओळीने गुंडाळायची. एक धागा इकडचा तिकडे नाही. वय पन्नाशीचं, अक्षरओळख शून्य. पण मोजण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. कुणाच्या घरी लग्न निघालं की पाटावर बसून लुगडी, ताटं, पानं, नारळ मोजून द्यायला सोनाक्काला नेत. तिने मोजलं की परत मोजायचं नाही, असा गल्लीचा रिवाजच होता.

"अक्का," सेक्रेटरी म्हणाले, "कमिटीचं म्हणणं, ड्रम मोडीत काढू, इचलकरंजीतनं ताणा भरलेले तयार बीम आणू. मी म्हटलं, थांबा. हा एक ताणा अक्काला घालू दे. बरोबर उतरला तर ड्रम ऱ्हाईल. न्हाई उतरला तर माझ्या हातात काय न्हाई बघ."

"उतरंल की," सोनाक्का म्हणाली. "माला हाय न्हवं कागद वाचाया."

मी कागद लिहिला. डाव्या बाजूला जाताना: लाल आठ, हिरवा बत्तीस, काळा चार, निळा चोवीस, पांढरा चार. उजव्या बाजूला परत फिरताना: पांढरा चार, निळा चोवीस, काळा चार, हिरवा बत्तीस, लाल आठ. बेरीज केली. एकशे चव्वेचाळीस. बरोबर बारा डझन! आकडा इतका देखणा आला की मला वाटलं, हा चुकीचा असूच शकत नाही. आमच्या लुगड्याच्या चौकड्यात कागदावर असेल तेवढं घ्यायचं आणि तेच पुन्हा घ्यायचं, अशीच सवय. त्या तिरक्या रेघा मला टाइप करताना पडलेल्या वाटल्या. पेरीनबाईंच्या तुकड्यातही मी भिंगाची काच लावून पाहिलं होतं. पांढरे धागे चारच भरले. पण ते तुकड्याच्या कडेला होते, कात्रीत अर्धे गेले असतील असं मी धरलं. धरायला काय लागतं!

दुसऱ्या दिवशी मी ड्रमपाशी उभी राहून कागद वाचला आणि सोनाक्काने आपली दोरी बांधली. तिची पद्धत अशी: सुतळीत त्या त्या रंगाचं लोकरीचं टोक अडकवायचं आणि दर चार धाग्यांना एक गाठ.

"पांढरा चार," मी म्हणाले. तिने एक गाठ मारली. "आता परत. पांढरा चार." तिने आणखी एक गाठ मारली. मी भरभर वाचत होते. मला माझा आवाज आवडायला लागला होता.

"सावकाश गं, माझी बोटं काय तुझ्या तोंडाएवढी पळत्यात व्हय?"

"तोंडाचं कौतुक करतेस का टिंगल?"

"दोन्ही. लगीन कर, मग नुसती टिंगल करीन."

पाच दिवसांत ताणा झाला. काय ताणा होता! तुम्ही ड्रमवरून हात फिरवलात तर तळहाताला एकही धागा सैल लागला नसता. ईश्वराने तो मागावर चढवला. आडवे पट्टे टाकताना त्याने कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उभ्यात जितके धागे तितकेच आडवे टाकायचे, म्हणजे प्रत्येक घर चौरस येतं. ताणा बघायचा आणि धोटा टाकायचा. "मला कशाला कागद," तो म्हणाला, "सोनाक्कानं लिहून ठेवलंय की समोर."

पहिल्या चार शाली झाल्या तेव्हा पेरीनबाई बघायला आल्या. शाल हातात घेऊन उजेडात धरली. "वा! काय हात आहे तुमच्या लोकांचा," म्हणाल्या. मग काच लावली. मग काच काढून पदराने पुसली आणि परत लावली.

"पांढरा आठ आहे."

ईश्वरा मागावरून उतरून टेबलापाशी आला.

"लालपण डबल. सोळा." त्यांनी शाल टेबलावर पसरली आणि पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "इथे कापड वळतं ना बाबा. आरशासारखं. आपण नाक्यावरून परत फिरतो तेव्हा नाका दोनदा येतो काय? एकदाच येतो. वळणाचा पट्टा एकदाच घ्यायचा. म्हणून तर तिथे तिरकी रेघ मारलेली असते."

कागदावरचे दोन पांढरे चार मला डोळ्यांपुढे दिसले, एकाशेजारी एक.

"मग हे टार्टन न्हाई?" ईश्वराने विचारलं.

"टार्टन आहे. उभं-आडवं सारखं आहे. पण कोणाचं? त्या लोकांचं नाय." त्या खुर्चीवर बसल्या. माझ्या. "चूक कुठे झाली ते बघा. मी जेवून येते. तिरक्या रेघेचा कागद मी दिला होता, तो बरोबर उतरवला का, तेवढं मला दाखवा."

सगळे जेवायला उठले. सोनाक्का ड्रमपाशीच बसून दोरीवरच्या गाठी चाचपत होती. मी आत ऑफिसात गेले. फाइलमधून माझा कागद काढला.

इथे मला काहीतरी सांगावंसं वाटतं, की मी घाबरले होते, की घरी वडील आजारी होते, की खुर्ची जाईल असं वाटलं. वडील ठणठणीत होते. खुर्चीचं मात्र खरं.

नवा कागद लिहायला दहा मिनिटं लागली. डावी बाजू तीच. उजव्या बाजूला वरचा पांढरा गाळला, खालचा लाल गाळला. बेरीज एकशे बत्तीस. दोन्ही टोकांना पेरीनबाईंसारख्या तिरक्या रेघाही मारल्या. जुन्या कागदाची घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली. मग बाहेर येऊन डबा खाल्ला. बटाट्याची भाजी होती. अजून आठवते म्हणजे बघा.

जेवणानंतर पेरीनबाईंनी माझा कागद पाहिला. "हा तर बरोबर आहे. रेघापण आहेत."

सेक्रेटरींनी सोनाक्काची दोरी मागितली. टेबलावर शालीशेजारी ती ठेवली. पांढऱ्या टोकापाशी दोन गाठी. सुरुवातीच्या लाल टोकापाशी दोन, आणि दोरीच्या शेवटी परत लाल, परत दोन.

"अक्का," सेक्रेटरी म्हणाले, आणि दोरी हळूच तिच्याकडे सरकवली. माणूस वाईट नव्हता.

सोनाक्काने आधी कागदाकडे पाहिलं. तिला त्यातलं काही कळणार नव्हतं. मग तिने वर मान करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मला वाटलं, आता बोलेल. 'तूच की गं दोनदा म्हणालीस' एवढं म्हटलं असतं तर मी खोटं निभावू शकले नसते, हे आजही शपथेवर सांगते. ती म्हणाली, "कागदावर हाय म्हंजे हाय. परत फिरताना माझ्याच हातनं दोनदा गाठ पडली आसंल."

"आसंल का पडली?" सेक्रेटरींनी विचारलं.

"पडली."

ईश्वराने तणाव घालवायला म्हणून म्हटलं, "दोन गाठी अक्का!" कुणी हसलं नाही. पण नाव चिकटलं.

शाली झाल्या. इचलकरंजीहून मशीनवर भरलेला बीम आला आणि माझ्या नव्या कागदाप्रमाणे साठच्या साठ बरोबर उतरल्या. ड्रम महिन्याभरात मोडीत निघाला. सागवानी होता, चांगल्या भावात गेला. सोनाक्काला कांड्या भरायला बसवलं, मी जिथून उठले होते त्याच जागेवर. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. आणि पेरीनबाईंनी मला मुंबईला बोलावलं, "ही मुलगी बरोबर लिहिते" म्हणून.

पुढची चौदा वर्षं मी कागदच लिहिले. त्यात चुकले नाही. जुना कागद मुंबईला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात फाडला होता. आणि त्याच्या जागी मनात एक गोष्ट रचून ठेवली होती. ती गोष्ट अशी: सोनाक्काला सगळं ठाऊक होतं. तिने माझ्याकडे तसं पाहिलं ते उगाच नाही. ही पोरगी इथून सुटतेय तर सुटू दे, असं मनाशी म्हणून तिने सगळं स्वतःवर घेतलं. मोठ्या मनाची बाई. ही गोष्ट मी इतक्या वेळा स्वतःला सांगितली की तिच्या आठवणीने मला रडूही यायचं, आणि रडून झाल्यावर बरं वाटायचं.

दोन हजार पाच साली चुलतभावाच्या लग्नाला गावी गेले, तेव्हा मी एक चांगलं लुगडं घेऊन सोनाक्काकडे गेले. माफी मागायला नाही हं. आभार मानायला.

ती पडवीत तांदूळ निवडत होती. चौसष्ट-पासष्ट वय, डोळ्यांवर जाड भिंगं. "कोण? माला? आगं बाई, केस कुठं गेलं तुझं? कापलंस?"

"कापले."

"बरं केलंस. न्हाई तरी कधी विंचरत नव्हतीस." तिने सुनेला हाक मारली. "सविता, च्या टाक. मुंबईची डिझायनर आलीया."

सविताने चहा आणला. वाटीभर तांदूळ घेऊन ती परत निघाली तेव्हा सोनाक्का म्हणाली, "बघ गं, चार वाट्या झाल्या का. माझ्या मोजण्यावर जाऊ नको."

"हे काय आता," मी म्हणाले. "तुझ्या मोजण्यावर गाव चालायचं."

"चालायचं. आता न्हाई बोलवत कुणी. आणि बोलावलं तरी मी जात न्हाई. एकदा हात फसला की फसला. भाजीवाल्यानं सुट्टं दिलं तरी सविताकडनं मोजून घेती." हे ती हसत सांगत होती. "पोरं म्हणत्यात, दोन गाठी आज्जी, दोनदा मोज."

मी लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. मुंबईपासून घोकून आणलेलं वाक्य म्हटलं. "अक्का, त्या दिवशी तू मला वाचवलंस. ते मी विसरले नाही."

"मी? कशातनं गं?"

मला वाटलं ती मोठेपणाने टाळतेय. "त्या शालींच्या वेळी. तू माझ्याकडे पाहिलंस ना. मला तेव्हाच कळलं, तुला ठाऊक आहे ते."

"काय ठाऊक?" तिने भिंगं वर सरकवली. "मी तुझ्याकडं बघितलं ते लाजून. पोरीनं पयलाच एवढा मोठा कागद लिवला आन् मी तो बुडवला. मला वाटलं, आता हिला काढत्यात का काय माझ्यापायी."

तांदळाच्या ताटाच्या काठावरून एक मुंगी चालली होती. ती पूर्ण फेरी मारून परत तिथेच आली.

घोकून आणलेलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी सांगितलं. पांढरा मी दोनदा वाचला होता, लालही. तिने मी म्हणाले तेवढ्याच गाठी मारल्या होत्या. पहिला कागद वेगळा होता. जेवणाच्या सुट्टीत मी तो बदलला. तिने एकदाही मध्ये विचारलं नाही. माझं सांगून झालं तेव्हा मी खाली मान घालून बसले. ती शिव्या देईल, रडेल, किंवा जाऊ दे गं म्हणेल, ह्या तिन्हींची तयारी मी केली होती.

"म्हंजे," सोनाक्का म्हणाली, "माझ्या गाठी बरोबर व्हत्या?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या. मी वाचलं तशाच. एकही चुकली नव्हती."

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठायला तिला वेळ लागला. मांडीवरचं लुगडं खाली पडलं, ते तिने पाहिलंही नाही. "सविता! ए सविता! आगं माझ्या गाठी बरोबर व्हत्या!" सविता कणकेच्या हाताने बाहेर आली आणि तिला काही कळेना. सोनाक्काने माझं मनगट पकडलं. धागा धरावा तसं, घट्ट आणि न दुखवता. "सांग हिला."

मी सांगितलं. "अगं, तेव्हा सोसायटीत कागदात जरा चूक झाली होती..."

"जरा?" सोनाक्का म्हणाली. "आन् झाली कशी? आपसूक?"

"माझ्याकडून झाली."

"हां. चल आता."

"कुठे?"

"ईश्वराकडं. त्यानंच नाव पाडलंय."

दुपारची वेळ, गल्लीत लग्नाची माणसं, माझ्या अंगावर जरीची साडी. माझं मनगट धरून ती मला पुढे घेऊन निघाली. तिने मला माफ केलं का? विचारायची सोय नव्हती. तिला त्या वेळी माझ्याशी काही देणंघेणं नव्हतंच. तिला फक्त माझं तोंड हवं होतं.

ईश्वरा खाटेवर पडला होता. मी त्याला सांगितलं. आमच्या ऑफिसच्या कागदात आकडे चुकले होते, त्यात अक्काचा दोष नव्हता.

"आमच्या न्हवं," सोनाक्का म्हणाली. "तुझ्या. नीट सांग. आन् कागद बदललास ते ऱ्हायलं."

मी तेही सांगितलं. ईश्वरा उठून बसला. माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अक्का," एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. ती तोवर पायरी उतरलीसुद्धा होती.

त्या गल्लीत सतरा घरं होती. दुसऱ्या-तिसऱ्या घरात मी अजून 'तेव्हा मी लहान होते' वगैरे जोडत होते. पाचव्या घरापर्यंत ते सगळं गळून पडलं. उरलं एवढंच: मी चुकीचं वाचलं, मग कागद बदलला, आणि आळ अक्कावर येऊ दिला. हिच्या गाठी बरोबर होत्या.

त्या घरातली म्हातारी दाराशी बसली होती. तिने कानामागे हात नेला आणि सोनाक्काला विचारलं, "काय म्हनतीया गं ही?"

"तिला कमी ऐकू येतं," सोनाक्का मला म्हणाली. "मोठ्यानं सांग."